नोव्हेंबर ते जून : एका विनाअनुदानित शाळेची प्रवेशमोहीम

पिंपरी-चिंचवडमधल्या मोशी-चऱ्होलीच्या पट्ट्यातल्या एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी तिसरीला शिकवते. राज्य मंडळाची शाळा, पहिली ते दहावी. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या मुख्याध्यापिका मॅडमनी पुढच्या वर्षीच्या पहिलीच्या प्रवेशाचं काम माझ्याकडे दिलं. वर्ग सांभाळून, जूनपर्यंत. जाहिरात करायची, चौकशीला आलेल्या पालकांशी बोलायचं, कागदपत्रं पुरी करायची आणि मूल वर्गात बसेपर्यंत पाठपुरावा ठेवायचा. डीएडला पाठटाचण शिकवतात, फळ्यावरचं अक्षर शिकवतात, हे काम कुणी शिकवत नाही. छोट्या शाळांमधल्या कितीतरी शिक्षकांवर ते दरवर्षी असंच येऊन पडतं, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे. पालकांनीही वाचावं असं वाटतं, कारण चौकातल्या त्या मोठ्या बोर्डाचे पैसे शेवटी त्यांच्याच फीतून जातात.

‘चांगल्या शाळेला जाहिरात लागत नाही’ हे वाक्य आमच्या शिक्षकखोलीत वर्षानुवर्षं बोललं जातं. म्हणून सगळ्यात आधी मी अकाउंटंट सरांकडे जाऊन बसले. म्हटलं, सर, आपल्याला जाहिरात का लागते ते मला आकड्यांत दाखवा.

पहिलीच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ३०, म्हणजे ६० जागा. त्यातल्या २५ टक्के, म्हणजे १५ जागा शिक्षण हक्क कायद्याच्या, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत. उरल्या ४५. फी वर्षाला ३४,००० रुपये. २०२४-२५ ला या ४५ पैकी ३१ जागा भरल्या होत्या. रिकाम्या राहिलेल्या १४ जागा म्हणजे वर्षाला ४ लाख ७६ हजार रुपये. वर्गशिक्षिकेचा पगार, इमारतीच्या कर्जाचा हप्ता, वीज, बसचा विमा, शिपाई आणि मावशींचे पगार हे सगळं वर्गात तीस मुलं असली तरी तेवढंच आणि बावीस असली तरी तेवढंच. त्यात पहिलीत रिकामी राहिलेली जागा पुढे सहसा भरत नाही. मधल्या इयत्तेत शाळा बदलणारी मुलं थोडी असतात. ती रिकामी जागा तुकडीबरोबर दुसरीत जाते, तिसरीत जाते आणि तशीच दहावीपर्यंत पोचते. म्हणून सगळ्या शाळांच्या जाहिराती पहिली आणि नर्सरीवर एकवटलेल्या दिसतात. एक मूल पहिलीत आलं की दहा वर्षांची फी आली, असा तो हिशेब आहे.

अनुदानित शाळेत पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात, पद जातं आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो, पण त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होण्याची सोय असते. म्हणून तिथले शिक्षकही सप्टेंबरअखेरच्या पटासाठी वाड्या-वस्त्यांवर फिरतात. आमच्याकडे समायोजन नाही. पगार आधी लांबतो, मग एखाद्या जूनमध्ये एक मॅडम कमी दिसतात.

पंधरा जागांचा हिशेबही सरांनी मांडला. शासन या मुलांपोटी शाळेला प्रतिपूर्ती देतं. सरकारने ठरवलेला प्रति विद्यार्थी खर्च वर्षाला १७,६७० रुपये, किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातलं जे कमी असेल ते. कोविडच्या काळात तो आकडा ८,००० वर आणला होता. १५ मुलांचे १७,६७० प्रमाणे २ लाख ६५ हजार होतात, शाळेच्या फीने ५ लाख १० हजार. आणि आलेली रक्कम त्याच वर्षीची असते असंही नाही. हे लिहिताना मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे : ती पंधरा मुलं माझ्या शाळेतली तितकीच हक्काची मुलं आहेत, आणि थकबाकीचा राग त्यांच्यावर काढणाऱ्या शिक्षकाशी मी वर्गाबाहेर भांडले आहे. पण फरक भरून काढायला उरलेल्या ४५ जागा भरणं शाळेला भाग पडतं, हे कागदावर स्पष्ट दिसतं.

आता मुलंच कमी आणि शाळा जास्त, हाही भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ होता, आधीच्या फेरीत १.९. घरटी एक मूल, फार तर दोन. दुसरीकडे २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आल्यापासून स्वतःच्या पैशावर शाळा काढण्याची वाट मोकळी झाली. मोशीत गृहप्रकल्पांबरोबर शाळाही उभ्या राहिल्या. आमच्या गेटपासून पायी जाण्याच्या अंतरात आज इतक्या शाळा आहेत, की सकाळी पिवळ्या बसेसचीच कोंडी होते. पालकाला निवड आहे, आणि जिथे निवड आहे तिथे प्रत्येक शाळा आपलं नाव त्याच्या कानावर पडावं म्हणून धडपडते.

संस्थेने मोहिमेसाठी दोन लाखांची मर्यादा घालून दिली.

नोव्हेंबरचा अर्धा महिना नुसता गेला, कारण २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. आमच्या दोन शिक्षकांना निवडणुकीची ड्यूटी लागली आणि चौकातला एकही होर्डिंग रिकामा नव्हता, सगळीकडे उमेदवार. ज्यांना पुढे हे काम करायचंय त्यांनी निवडणुकीचं वर्ष असेल तर होर्डिंगचा विचार जानेवारीपर्यंत सोडून द्यावा. दर चढलेले असतात. आमच्या भागात तसंही दर वाढले होते. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला होर्डिंग कोसळून पाच जणांचा जीव गेला, मे २०२४ मध्ये घाटकोपरला सतरा जणांचा. त्यानंतर महापालिकांनी सांगाड्यांची तपासणी कडक केली. होर्डिंग घेताना एजन्सीकडून महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाचा परवाना आणि सांगाड्याचं स्थिरता प्रमाणपत्र मागून घ्या. आम्ही मागितलं तेव्हा पहिल्या एजन्सीने ‘पाठवतो’ म्हणून आठवडा काढला. आम्ही दुसरीकडे गेलो. मुलांच्या शाळेचं नाव असलेला सांगाडा कुणाच्या अंगावर पडू नये, एवढी काळजी घेणं शाळेचंच काम आहे.

डिसेंबरमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के प्रवेशासाठी पोर्टलवर शाळेची नोंदणी करायची होती : यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), मान्यतेचे कागद, प्रवेशक्षमता, नकाशावर शाळेचं ठिकाण. ठिकाणाची खूण नीट जागेवर आहे ना ते दोनदा पाहा, कारण अर्ज करणाऱ्या पालकांना घरापासूनच्या अंतरावरून शाळा दिसते. त्याच्या आधीच्या वर्षी पालकांमध्ये बराच गोंधळ होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने अधिसूचना काढली होती, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्याव्या लागणार नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती रद्द केली. तरी ‘आता खासगी शाळेत मोफत मिळत नाही ना?’ असं विचारणारे पालक मला डिसेंबरातही भेटत होते. मिळतं. अर्ज ऑनलाइन, सोडतही ऑनलाइन, शाळेला त्यात कुणाची निवड करता येत नाही. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असेल तर एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो, तो अर्ज सुरू होण्याआधीच काढून ठेवा. तहसीलला दाखल्यासाठी लागलेला वेळ कुणी भरून देत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जाहिरातीचा मजकूर. यावर सर्वांत जास्त वाद झाला आणि मला वाटतं, होणंच गरजेचं होतं.

संस्थेच्या एका विश्वस्तांना बोर्डावर ‘सीबीएसई पॅटर्न’ हवं होतं. आजूबाजूच्या दोन-तीन शाळांच्या बोर्डांवर ते होतं. आमची शाळा राज्य मंडळाची. सीबीएसईची संलग्नता असते किंवा नसते, पॅटर्न नावाची मान्यता कुठे मिळत नाही. मी म्हटलं, दहावीला मुलाचा अर्ज ज्या मंडळाकडे जाणार तेच नाव बोर्डावर असेल. मुख्याध्यापिका मॅडम माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. मग ‘१०० टक्के निकाल’ आला. निकाल खरंच शंभर टक्के होता, पण आमच्या दहावीच्या त्या तुकडीत २३ मुलं होती. म्हणून आम्ही छापलं : ‘दहावीला बसलेले २३ विद्यार्थी, सर्व उत्तीर्ण’. ‘परिसरातील सर्वोत्तम शाळा’ हे काढूनच टाकलं. जाहिरातींसाठी भारतीय जाहिरात मानक परिषदेची संहिता आहे, तिच्यात शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना आहेत, पहिला क्रमांक, सर्वोत्तम असं म्हणायचं तर पुरावा हवा. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. विश्वस्तांना कायद्याचं कलम सांगितल्यावर चर्चा लवकर संपली. हा अनुभव इतर शिक्षकांनी लक्षात ठेवावा : ‘मला बरं वाटत नाही’ म्हणण्यापेक्षा दंडाची रक्कम सांगितलेली जास्त उपयोगी पडते.

फोटोंचंही तसंच. एजन्सीने दाखवलेल्या नमुन्यात परदेशी मुलांचे फोटो आणि एक निळाशार तरणतलाव होता. आमच्याकडे तरणतलाव नाही. आम्ही आमच्याच वर्गांचे फोटो काढले, आणि ज्या मुलांचे चेहरे दिसतात त्यांच्या पालकांची लेखी संमती घेतली. दोन पालकांनी नको म्हटलं. ते फोटो वगळले आणि त्यांना कारण विचारलं नाही.

त्याच महिन्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची बैठक होती. फी ठरवण्याचा प्रस्ताव शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे त्या समितीपुढे जातो. एका पालकांनी सरळ विचारलं, ‘मॅडम, आमच्या मुलाच्या वर्गातला पंखा दिवाळीपासून बंद आहे आणि तुम्ही होर्डिंग लावताय?’ प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना अकाउंटंट सरांचाच कागद दाखवला : रिकाम्या जागा भरल्या नाहीत तर त्यांचा बोजा आहे त्याच मुलांच्या फीवर येतो. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, ‘मग आम्हालाच सांगा ना, आम्ही चार घरी सांगतो. आणि पंखा दुरुस्त करा.’ पंखा त्याच आठवड्यात दुरुस्त झाला. ‘आम्हालाच सांगा’ हे त्यांचं वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

जानेवारीत जाहिरात सुरू झाली. मुख्य चौकात वीस बाय वीस फुटांचा होर्डिंग दोन महिने, महिना ३८,००० रुपयांनी. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८९,६८०. फ्लेक्सची छपाई आणि चढवणं ७,२००. शालेय शिक्षणाला जीएसटी माफ आहे, त्यामुळे शाळेने भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो पूर्ण खर्चच असतो. अंदाजपत्रक करताना हे बरेच जण धरत नाहीत. दहा हजार पॅम्प्लेट छापायला ११,००० आणि सकाळच्या पेपरांत घालायला विक्रेत्यांना ५,०००. पॅम्प्लेट रविवारी घालू नका. त्या दिवशी पेपरातून सोफ्याची, क्लासची, दाताच्या दवाखान्याची अशी चार पत्रकं पडतात. मोबाइलवरच्या जाहिरातींवर २५,००० गेले. त्यातून नाव आणि नंबर भरणारे खूप, फोन उचलणारे थोडे, शाळेत येणारे अगदी थोडे. ‘चुकून दाबलं गेलं’ हे उत्तर मी असंख्य वेळा ऐकलं.

पंचवीस जानेवारीच्या सुमारास एक गृहस्थ पालकांचे फोन नंबर विकायला आले. आमच्या परिसरातल्या तीन ते सहा वयाच्या मुलांची यादी, पालकांची नावं, सोसायटी, मुलाची जन्मतारीख. कुठून मिळाली ते सांगेनात. मी ती घेतली नाही. कुणाच्या तरी मुलाची जन्मतारीख अशी हातोहात फिरते आहे, याचा त्रास मला बरेच दिवस झाला. सोसायटीतल्या चित्रकला स्पर्धेच्या फॉर्मवर मुलाची पूर्ण माहिती भरताना पालकांनी विचार करावा. आम्ही स्वतः दोन सोसायट्यांत स्टॉल लावला, कमिटीची परवानगी घेऊन आणि त्यांचं भाडं भरून. मुलांना मातीकाम करायला दिलं. नंबर ज्यांनी आपणहून दिला त्यांचाच घेतला.

आणखी एक गोष्ट मांडायला हवी, कारण ती उघडपणे बोलली जात नाही. आमच्या शाळेला स्वतःची बालवाडी नाही. मुलं येतात ती आसपासच्या प्ले ग्रुप आणि केजीमधून. त्या चालवणाऱ्या ताई सीनियर केजी संपताना पालकांना सांगतात, ‘अमुक शाळेत घाला.’ काही शाळा त्यासाठी प्रति मूल पैसे देतात. एका ताईंनी मला फोनवर सहज विचारलं, ‘तुमचं किती आहे?’ मी सांगितलं, ताई, आमचं काही नाही, पण तुमच्या पालकांना घेऊन एक दिवस शाळा बघायला या, वर्ग चालू असताना. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या एक ताई आल्या. त्यांनी पहिलीच्या वर्गात मागे बसून गणिताचा तास ऐकला आणि जाताना म्हणाल्या, ‘मुलं प्रश्न विचारतात, हे बरं वाटलं.’ त्यांच्याकडून सहा मुलं आली. पालकहो, केजीच्या मॅडमनी शाळा सुचवली तर ऐका जरूर, पण स्वतः जाऊन बघा.

फेब्रुवारीत सोडत लागली आणि आमच्या पंधराही जागांची नावं आली. पालकांना शाळा बघता यावी म्हणून आम्ही एक ‘ओपन डे’ ठेवला, १८,००० खर्च झाला, त्यातला निम्मा मंडप आणि खुर्च्यांवर. पुढच्या वेळी मंडप नको. पालक मंडपात बसायला आलेच नव्हते, ते सरळ स्वच्छतागृहाकडे गेले.

हे मला नीट सांगायचंय. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं, त्यानंतर पालकांचे प्रश्न पूर्ण बदलले. डिजिटल वर्ग, रोबोटिक्स, घोडेस्वारी हे जाहिरातींचे शब्द. आई-बाबांचे प्रश्न असे : लहान मुलींना बाथरूमला कोण नेतं? ती मावशी कायम आहे की रोज बदलते? पोलीस पडताळणी झालीय का? कॅमेरे कुठे आहेत आणि चित्रीकरण कोण बघतं? बसमध्ये बाई असते का? सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते ती) कोण आहे? आमच्या मावशी नऊ वर्षं शाळेत आहेत. मी त्यांनाच पालकांपुढे उभं केलं. ‘माझ्या डोळ्यांसमोरून पोरगी हलत नाही ताई,’ एवढंच त्या म्हणाल्या. जे काम होर्डिंगकडून झालं नाही ते तिथे झालं. पडताळणीचे कागद एका फायलीत लावून ठेवले आणि मागेल त्याला दाखवले. प्रवेशमोहीम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ही फाईल पॅम्प्लेट छापायच्या आधी तयार करावी.

मार्चमध्ये राज्याच्या शाळांमध्ये सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम आणण्याची घोषणा विधिमंडळात झाली आणि माझा फोन वाजतच राहिला. मग तुमची शाळा सीबीएसई होणार का? तर, नाही, मंडळ तेच राहतं. ३० मार्चला गुढीपाडवा होता. जिल्हा परिषदेच्या शाळा त्या दिवशी पटनोंदणीसाठी घरोघरी जातात, आपल्याकडे पाडव्याला मुलाचं नाव शाळेत घालायची पद्धत जुनीच आहे. आम्हीही शाळा उघडी ठेवली, दारात रांगोळी काढली, पाटीवर मुलांकडून श्री काढून घेतला. त्या एका दिवसात आधीच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त प्रवेश निश्चित झाले. खर्च झाला तो पाट्या, पेन्सिली आणि साखरगाठींचा.

एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा विषय आला. १६ एप्रिलचा शासन निर्णय, मग १७ जूनचा बदल, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. या काळात पालकांना ठाम उत्तर देणं शक्य नव्हतं. मी वहीत प्रत्येकाचा प्रश्न लिहून ठेवला आणि निर्णय आला की फोन करून कळवलं. ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणून पालकाला परत पाठवू नका.

मे महिन्यात आम्ही घरी जायला सुरुवात केली. बैठकीतल्या त्या पालकांचं वाक्य मनात होतं, म्हणून आधी आमच्याच शाळेतल्या मुलांच्या घरी. उन्हं उतरल्यावर, सहा ते आठ. सोसायटीच्या गेटवर नाव लिहायचं, वर फोन जायचा, मग लिफ्ट. बैठ्या घरांमध्ये यातलं काही नाही, तिथे आधी पाणी समोर येतं. तिसरीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने शेजारच्या तीन घरी स्वतः नेलं. त्यातली एक आई भोसरीत कंपनीत पहिल्या पाळीला जाते. तिला फी, मंडळ, निकाल काही विचारायचं नव्हतं. बस सातच्या आत येते का आणि दुपारी मूल घरी सोडताना दार उघडायला कुणी नसेल तर बसवाले काका काय करतात, एवढंच. आम्ही काकांना फोन लावून तिथेच बोलणं करून दिलं. एका घरी आजींनी विचारलं, ‘मारत नाही ना पोराला?’ मी म्हटलं, नाही आजी, कायद्यानेच बंदी आहे, आणि मारावं असं मला वाटतही नाही. आजींनी नातवाला हाक मारली आणि म्हणाल्या, ‘या बाईंना तुझं नाव सांग.’

कागदपत्रांबद्दल थोडं, कारण इथे पालक विनाकारण घाबरतात. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असावीत. जन्मदाखला, आधार, फोटो, आणि राखीव प्रवर्गातून नोंद हवी असेल तर वडिलांचा जातीचा दाखला. जन्मदाखला हाताशी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. दुसऱ्या शाळेतून येणाऱ्या मुलाचा दाखला उशिरा आला म्हणूनही त्याला थांबवता येत नाही. मुलाची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखत घेऊन निवड करण्यास त्याच कायद्याने मनाई आहे. देणगीच्या नावाखाली पैसे मागणंही बेकायदा. आणि कुठल्याही शाळेत पैसे भरण्याआधी तिचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर तपासा. शाळा स्वतःला सीबीएसईची म्हणवत असेल तर संलग्नता क्रमांक मागा, संलग्न शाळांना मान्यतेचे कागद आपल्या संकेतस्थळावर ठेवावेच लागतात. या दोन प्रश्नांवर जी शाळा गप्प बसते तिथून उठावं.

१६ जूनला शाळा सुरू झाली. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी मी ‘शाळेबद्दल कुठून कळलं?’ हे विचारून लिहून ठेवलं होतं. ४५ पैकी ४१ जागा भरल्या. त्यातली २४ मुलं आधीच्या पालकांकडून किंवा भाऊ-बहीण शाळेत असल्यामुळे आली, सहा त्या केजीच्या ताईंकडून, पाच मोबाइलवरच्या जाहिरातीतून, तीन येता-जाता गेट पाहून, तीन होर्डिंग पाहून. होर्डिंगचा छपाईसकट खर्च ९६,८८० रुपये. एका प्रवेशाला ३२,००० च्या वर, म्हणजे जवळजवळ एका मुलाची वर्षाची फी. विश्वस्तांचं म्हणणं होतं, की बाकीच्यांनीही तो बोर्ड पाहिलाच असणार, आणि शेजाऱ्याने नाव सांगितल्यावर ‘हो, बघितलीय ती शाळा’ असं मनात येतं. त्यात तथ्य आहे. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला शेजारीच ओळखीचे नसतात, त्यांना बोर्डाशिवाय कसं कळणार? पण तेवढ्यासाठी चौकातला वीस बाय वीसच लागतो, हे मला पटत नाही.

एकूण खर्च १ लाख ६८ हजारांच्या आसपास झाला. मर्यादेतले जे ३२,००० वाचले ते मागून मी पहिलीच्या दोन्ही वर्गांत वाचनकोपरा करून घेतला.

या वर्षीही काम माझ्याकडेच आहे. प्रस्तावात मी होर्डिंगऐवजी सोसायट्यांच्या वाटेवर दिशादर्शक फलक मागितले आहेत, महापालिकेच्या परवानगीने. दुसरी मागणी बसमधल्या बाईंची : चारपैकी एका बसमध्ये अजून त्या नाहीत, आणि पालकांनी हा प्रश्न विचारल्यावर मला ‘आहेत’ असं सरसकट म्हणता येत नाही. होर्डिंगच्या दोन महिन्यांच्या पैशांत त्यांचा दहा महिन्यांचा पगार बसतो. बैठक पुढच्या सोमवारी आहे.